बॅटिंगचे आकडे काढणारे ॲप: हिशेब चोख, मांडणी फसवी

लहान मुलांच्या बेसबॉल सामन्यांची नोंद ठेवून प्रत्येक बॅटरचे आकडे आपोआप काढून देणारी अनेक ॲप आता मिळतात. त्यांपैकी एक मी बारा वर्षांखालील संघाला प्रशिक्षण देताना पूर्ण हंगामभर वापरले. त्याचे नाव मुद्दामच देत नाही, कारण असे कोणतेही ॲप घेताना काय तपासावे, हे सांगणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

आधी चांगली बाजू. ॲपचे गणित बिनचूक आहे. क्रिकेटच्या सवयीने सरासरी म्हणजे धावा भागिले बाद, असे आपल्या मनात पक्के असते. बेसबॉलमध्ये मात्र हिट (बॅटरला बेसवर पोहोचवणारा यशस्वी फटका) भागिले ॲट-बॅट (सरासरीसाठी मोजली जाणारी पाळी) असा हिशेब असतो, आणि वॉक (चार चेंडू नेमाबाहेर पडल्याने आयता मिळणारा पहिला बेस) मिळाला, चेंडू अंगावर लागला किंवा सॅक्रिफाइस (स्वतः बाद होऊन धावपटूला पुढे सरकवणे) झाला तर ती पाळी ॲट-बॅटमध्ये धरली जात नाही. ऑन-बेस टक्केवारी, म्हणजे हिट, वॉक किंवा अंगावर लागलेल्या चेंडूमुळे बॅटर बेसवर पोहोचल्याचे प्रमाण, काढताना सॅक्रिफाइस फ्लाय (झेलला गेलेला पण धाव मिळवून देणारा उंच फटका) भाजकात येतो, पण सॅक्रिफाइस बंट (बॅट न फिरवता हलकेच ढकललेला चेंडू) येत नाही. कॅचरच्या (बॅटरमागे बसून चेंडू झेलणाऱ्याच्या) हातून तिसरा स्ट्राइक निसटला आणि बॅटर पहिल्या बेसवर पोहोचला, तरी त्याच्या नावावर स्ट्राइकआउटच (तीन स्ट्राइकवर बाद) लागतो. हाताने हिशेब करणारे नेमके अशाच ठिकाणी चुकतात. ॲपचे आकडे मी वहीतल्या नोंदींशी ताडून पाहिले, तेव्हा असल्या जागी ते कुठेही अडखळले नाही.

खरी अडचण गणिताच्या आधीच सुरू होते. समजा, शॉर्टस्टॉपकडे (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाकडे) साधा सरपटी चेंडू गेला, तो त्याच्या दोन पायांमधून निसटला आणि बॅटर पहिल्या बेसवर उभा राहिला. आता पडद्यावर हिट, एरर (क्षेत्ररक्षकाची चूक) आणि फिल्डर्स चॉइस (बॅटरऐवजी दुसऱ्या धावपटूला बाद करायचा प्रयत्न) असे तीन पर्याय येतात, पण त्यातला हिट आधीच निवडलेला असतो. पिचर पुढचा चेंडू टाकायच्या तयारीत असताना नोंद करणारा माणूस घाईत पुढे जातो आणि एरर झालेला चेंडू हिट म्हणून कायमचा जमा होतो. एररवर बेस मिळाला तर ती पाळी ॲट-बॅट म्हणून मोजायची असते, हिट म्हणून मात्र नाही. त्यामुळे या एका बटणाने खाली यायची सरासरी उलट वर जाते. मोठ्यांच्या सामन्यात असे प्रसंग मोजके असतात, मुलांच्या सामन्यात ते जवळजवळ प्रत्येक इनिंगला येतात. नियमपुस्तकात यासाठी ‘साधारण प्रयत्ना’ची कसोटी दिलेली आहे, आणि ती त्याच पातळीच्या लीगमधल्या सरासरी कुवतीच्या क्षेत्ररक्षकाला लावायची असते, म्हणजे दहा वर्षांच्या शॉर्टस्टॉपला व्यावसायिक खेळाडूच्या मापाने मोजायचे नसते. ॲपच्या मदतपानावर या कसोटीचा उल्लेखसुद्धा नाही. नोंद करणारी व्यक्ती बदलली की निकष बदलतो, आणि मग तीन दशांश स्थळांपर्यंत छापलेल्या आकड्याला फारसा अर्थ उरत नाही.

दुसरा दोष मांडणीचा. संघाचे पान उघडताच मुले बॅटिंग सरासरीच्या उतरत्या क्रमाने दिसतात. एका मुलीला ४० पाळ्यांत ७ वॉक मिळाले, एकदा चेंडू अंगावर लागला आणि उरलेल्या ३२ ॲट-बॅटमध्ये ८ हिट आले, असे धरू. तिची सरासरी ०.२५०, पण ती ४० पैकी १६ वेळा बेसवर पोहोचली, म्हणजे ऑन-बेस ०.४००. दुसऱ्या मुलाला तितक्याच पाळ्यांत एकच वॉक मिळाला आणि ३९ ॲट-बॅटमध्ये १२ हिट आले, तर त्याची सरासरी ०.३०८ आणि ऑन-बेस ०.३२५. यादीत तो वर आणि ती खाली, जरी बाद न होता संघाला पुढे नेण्यात ती सरस असली तरी. सरासरीचा हा मान जुना आहे. १९४१ मधली अमेरिकी बेसबॉलपटू टेड विल्यम्सची ०.४०६ ही सरासरी सर्वांच्या तोंडी असते, पण त्याच हंगामातली त्याची ०.५५३ ही ऑन-बेस टक्केवारी फार थोड्यांना आठवते. अर्थात मुलांच्या खेळात ऑन-बेसवरही डोळे मिटून विसंबता येत नाही, कारण पिचरचा नेम बेताचाच असतो आणि बॅट न हलवता उभे राहणाऱ्यालाही वॉक मिळत राहतात.

त्यात भर म्हणून ॲप प्रत्येक सामन्यानंतर नावापुढे हिरवा किंवा लाल बाण दाखवते. ३० ॲट-बॅटमध्ये ९ हिट म्हणजे ०.३००, दोन अलगद पडलेले चेंडू अधिक मिळाले तर ०.३६७, दोन झेलले गेले तर ०.२३३. एवढ्या चढउताराला प्रगती किंवा घसरण म्हणणे हा मुलांवर अन्याय आहे. सुदैवाने सेटिंगमध्ये हे बाण आणि क्रमवारी दोन्ही बंद करता येतात, आणि पालकांना दिसणाऱ्या पानावर तर ती पहिल्याच दिवशी बंद करावीत. आरबीआयचा (बॅटरच्या खेळीमुळे संघाला मिळालेल्या धावांचा) रकानाही मी लपवला, कारण पुढे बेसवर कोण उभे होते यावरच तो बहुतांशी ठरतो.

हे ॲप मी तरीही ठेवले आहे, ते एका सोयीसाठी. बॅट फिरवून झालेला स्ट्राइकआउट आणि नुसते पाहत राहून झालेला स्ट्राइकआउट ते वेगळे नोंदवते. वहीत स्ट्राइकआउटची खूण इंग्रजी के असते आणि दुसऱ्यासाठी तो उलटा काढतात, तेच हे. एखादे मूल पुन्हापुन्हा पाहतच बाद होत असेल तर त्याच्याशी स्ट्राइक झोनबद्दल (ज्या पट्ट्यातून गेलेला चेंडू स्ट्राइक ठरतो त्याबद्दल) आणि भीतीबद्दल बोलायचे असते; फिरवून बाद होत असेल तर टायमिंगवर काम करायचे असते. याशिवाय ‘चांगली पाळी’ कशाला म्हणायचे हे प्रशिक्षकाला स्वतः ठरवता येते: सहा किंवा अधिक चेंडू खेळणे, जोरकस फटका, वॉक, धावपटूला पुढे सरकवणे. जोरकस फटका थेट क्षेत्ररक्षकाच्या हातात गेला तरी तो येथे जमेस धरला जातो, आणि मुलांना दाखवावा असा मला तरी हाच एक रकाना वाटतो.

प्रत्येक चेंडू नोंदवायला एक माणूस पूर्ण वेळ लागतो. तिसऱ्या बेसजवळ उभ्या असलेल्या प्रशिक्षकाला ते जमणार नाही. असा माणूस मिळत असेल आणि हिट-एररचा निकष त्याच्याशी आधी बोलून ठरवता येत असेल, तर हे ॲप जरूर घ्यावे. टी-बॉल (स्टँडवर ठेवलेला चेंडू मारायचा लहानग्यांचा बेसबॉल) खेळणाऱ्या मुलांसाठी मात्र त्याची काहीही गरज नाही.