पोर्तुगालमधील स्वस्त जमीन: दाखवली एक, नावावर झाली दुसरी

जून २०२२ मध्ये मी आणि माझ्या पत्नीने मध्य पोर्तुगालमधील कोइंब्रा जिल्ह्यात, आर्गानिलच्या डोंगराळ भागात, मोटरहोम (आत राहण्याची सोय असलेले वाहन) उभे करण्यासाठी ११,५०० युरोंना एक जमीन घेतली. आज त्या भागात आमच्या नावावर खरोखरच जमीन आहे, खरेदीखत नोंदलेले आहे आणि तिचा कर आम्हीच भरतो. मात्र आम्ही पाहून पसंत केलेली जमीन ती नव्हे, आणि तिच्यापर्यंत मोटरहोम सोडाच, हातगाडीदेखील पोहोचत नाही. हे सविस्तर लिहीत आहे, कारण या व्यवहारात एकही कागद बनावट नव्हता आणि नेमक्या त्याच कारणाने आम्हाला शेवटपर्यंत संशय आला नाही.

आम्ही बरीच वर्षे इंग्लंडमध्ये राहतो. ब्रेक्झिटनंतर आम्हाला पोर्तुगालसह शेंगेन देशांत, म्हणजे आपसांतल्या सीमा खुल्या ठेवणाऱ्या युरोपीय देशांत, १८० दिवसांतले ९० दिवसच राहता येते, आणि प्रत्येक खेपेला सात मीटर लांबीचे वाहन पोर्ट्समथहून स्पेनमधल्या सान्तान्देरच्या बोटीत घालायचे म्हणजे खर्च नि दगदग दोन्ही. त्यामुळे मोटरहोम तिकडेच आपल्या मालकीच्या जागेत ठेवावे, आपण विमानाने जावे, असा विचार मनात घोळत होता. त्या सुमारास एक जाहिरात पाहण्यात आली. चार हजार चौरस मीटर जागा, तीस ऑलिव्हची झाडे, विहीर, दगडी घराचे अवशेष, आणि 'मोटरहोमसाठी उत्तम'. सोबतच्या छायाचित्रात ऑलिव्हच्या सावलीत एक पांढरे मोटरहोम उभे होते. त्याची नंबरप्लेट पुसट केलेली होती. त्या छायाचित्राने अर्धा सौदा तिथेच पटवला, हे कबूल करतो.

मध्यस्थ हा इंग्रजी बोलणारा एक परदेशी गृहस्थ होता आणि बारा वर्षे त्याच डोंगरात राहत असल्याचे सांगत होता. जमीन दाखवायला तो स्वतः आला, मोटरहोम मुख्य रस्त्यावरून कसे वळवायचे ते त्याने पुढे चालून दाखवले, आणि सपाट शेतात ऑलिव्हखाली ते उभे राहिल्यावर 'आठवण म्हणून' त्याचे दोन फोटोही काढले. विहिरीत दगड टाकून पाण्याचा आवाज ऐकवला. घराच्या भिंती काळवंडलेल्या होत्या; १५ ऑक्टोबर २०१७ च्या वणव्याने आर्गानिल, ताबुआ, ओलिव्हेइरा दो ऑस्पिताल हा सारा टापू होरपळला होता, तेव्हाच हेही जळाले, असे तो म्हणाला. घर १९५१ पूर्वीचे असल्याने त्याला वापर-परवाना लागत नाही, हेही त्याने सांगितले. ऑगस्ट १९५१ पूर्वीच्या घरांना तशी सूट आहे, हे खरेच आहे. त्याच्या बोलण्यात अशी खरी वाक्ये बरीच असत आणि त्यांच्या आडोशाने बाकीची खपून जात.

पोर्तुगालमध्ये जमिनीला दोन कागद असतात आणि ते दोन वेगळ्या खात्यांकडचे असतात. एक करखात्याचा उतारा, कादेर्नेता प्रेदियाल. त्यात जमीन 'रुस्तिको' म्हणजे शेतीची आहे की 'उर्बानो' म्हणजे बांधकामाची, तिचे क्षेत्रफळ किती आणि करासाठी धरलेले मूल्य किती, हे असते. दुसरा नोंदणी कार्यालयाचा दाखला, सेर्तिदांव पेर्मानेन्त. त्यात मालक कोण आणि जमिनीवर बोजा आहे का, हे असते. हा दाखला १५ युरो भरून कोणालाही ऑनलाइन काढता येतो आणि सहा महिने पाहता येतो. आम्हाला मध्यस्थाने दोन्ही कागद दिले. दोन्ही अस्सल होते, विक्रेत्याचे नाव दोहोंत सारखे होते, बोजा नव्हता. क्षेत्रफळ मात्र ६२० चौरस मीटर लिहिलेले होते. त्यावर त्याचे उत्तर असे, की जुन्या नोंदी लोकांनी कर वाचवण्यासाठी मुद्दाम कमी लिहिल्या आहेत आणि उत्तरेत व मध्य भागात अनेक तालुक्यांत मोजणीचे नकाशेच नाहीत. यातही तथ्य आहे. म्हणूनच तर २०१७ पासून 'बूपी' नावाची व्यवस्था सुरू झाली, जिच्यात मालकांनी आपापल्या शेतांच्या सीमा नकाशावर आखून द्यायच्या असतात. आमच्या कागदातल्या जमिनीची अशी आखणी झालेली नव्हती. ती खरेदीनंतर आपण करू, असे तो म्हणाला.

आता ज्या चुकीची मला सर्वाधिक लाज वाटते ती सांगतो. बहुतेकांना खटकेल, पण लपवून उपयोग नाही. खरेदीखतात किंमत २,५०० युरो दाखवायची आणि उरलेले ९,००० 'इसार, मोजणी व सेवा' म्हणून त्याच्या खात्यावर पाठवायचे, असे त्याने सुचवले आणि आम्ही मान डोलावली. शेतजमिनीच्या खरेदीवर किमतीच्या ५ टक्के हस्तांतरण कर आणि ०.८ टक्के मुद्रांक शुल्क बसते. म्हणजे ११,५०० वर ६६७ युरो आणि २,५०० वर १४५. या ५२२ युरोंच्या बचतीसाठी आम्ही आपल्याच नऊ हजारांचा पुरावा पुसून टाकला. साठेखत केले नाही, केवळ एका पानाची इंग्रजी पावती घेतली. त्यांच्या कायद्यानुसार साठेखतात इसार दिला आणि विकणाऱ्याने शब्द मोडला, तर इसाराच्या दुप्पट रक्कम परत मागता येते. आमच्याकडे मागायला आधारच उरला नाही. वर, पुन्हा यायला नको म्हणून त्याच्या नावे मुखत्यारपत्र करून दिले, आणि करक्रमांकासाठी तोच आमचा करप्रतिनिधी झाला, म्हणजे सरकारी पत्रेही त्याच्याच पत्त्यावर जाऊ लागली.

खरेदीखत नोटरीसमोर रीतसर झाले. इथे एक गोष्ट ठासून सांगायची आहे: नोटरी कागद वाचतो, ओळख तपासतो, कर भरल्याची खात्री करतो, शेतावर कोणी जात नाही. दाखवलेली जागा आणि कागदावरची जागा एकच आहे का, हे पाहणे त्या साखळीतल्या कोणाचेच काम नसते. ते घेणाऱ्याचे काम असते, आणि घेणाऱ्याच्या जागी आम्ही त्या फसवणाऱ्यालाच मुखत्यार करून बसवले होते.

सप्टेंबरमध्ये आम्ही मोटरहोम घेऊन पोहोचलो. दुसऱ्या दिवशी सकाळी एक वृद्ध बाई हातात विळा घेऊन बांधावर येऊन उभ्या राहिल्या. त्या रागावलेल्या नव्हत्या, गोंधळलेल्या होत्या. फोनवरच्या भाषांतराच्या आधाराने मी त्यांना सांगितले, की ही जागा आम्ही घेतली आहे. त्यांनी मान हलवली आणि कागद मागितला. चष्मा नव्हता, म्हणून कादेर्नेता हात लांब करून धरली आणि क्षेत्रफळ किंवा किंमत न पाहता थेट चतुःसीमेवर बोट ठेवले. उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम, आणि प्रत्येक दिशेसमोर शेजाऱ्याचे नाव. आम्ही त्या चार ओळी कधी वाचल्याच नव्हत्या. परक्या भाषेतली चार नावे, त्यांत काय वाचायचे, अशी आमची समजूत. बाईंनी मात्र पहिले नाव वाचले, आणि विळ्याचे टोक खाली दरीकडे वळवले. दुसरे नाव वाचले, पुन्हा खाली. तिसरे नाव त्यांच्याच दिवंगत दिरांचे निघाले. मग त्या काही न बोलता चालू लागल्या.

निलगिरीच्या जळक्या खोडांमधून, शेळ्यांच्या वाटेने आम्ही दहा मिनिटे उतरलो. तिथे उतारावर दगडी ताली बांधलेल्या होत्या. त्यांतली एक ढासळलेली होती आणि तिच्यावर काटेरी झुडपांत पाच-सहा ऑलिव्ह गुदमरले होते. बाईंनी चपलेच्या टोकाने पाचोळा बाजूला सारला, तर खाली हद्दीचा दगड. त्याला विळ्याने टकटक केले आणि आमच्याकडे बोट दाखवले. ही आमची जमीन. रस्ता नाही, नोंदलेली वहिवाट नाही, विहीर नाही. वरचे सपाट शेत, विहीर आणि जळके घर एका अशा कुटुंबाचे, जे कित्येक वर्षांपूर्वी फ्रान्सला गेले आणि फक्त ऑगस्टमध्ये गावी येते. उरलेले अकरा महिने ते शेत कोणीही कोणालाही दाखवावे, असे उघडे असते.

कोइंब्रातील ज्या वकीलबाईंकडे आम्ही गेलो, त्यांनी पंधरा मिनिटांत चित्र स्पष्ट केले. विक्रेत्याने स्वतःची ६२० चौरस मीटर जमीन विकली, तिचे २,५०० युरो त्याला मिळाले. त्याच्यापुरता व्यवहार चोख. मध्यस्थाने वरचे शेत दाखवले, हे सिद्ध करायला आमच्याकडे बोलण्याखेरीज काही नाही. पावतीवर शब्द आहेत 'मोजणी व सेवा'. पैसे तिसऱ्याच देशातल्या खात्यावर गेलेले आणि आम्ही स्वखुशीने पाठवलेले, त्यामुळे बँकेने हात वर केले. शिवाय कमी किंमत दाखवण्यात आमचाही वाटा. पोलिसांत तक्रार दिली. तिची पोच आली, तिच्यापुढे अद्याप काही आलेले नाही.

त्यांनी आणखी एक धोका दाखवला, ज्याची आम्हाला कल्पनाच नव्हती. लहान शेतजमीन विकताना लगतच्या शेतमालकाला तीच किंमत देऊन ती घेण्याचा अग्रहक्क असतो. त्याला रीतसर कळवले नसेल, तर व्यवहाराची माहिती मिळाल्यापासून सहा महिन्यांत तो न्यायालयात जाऊ शकतो. समजा, वरचे सुंदर शेत खरोखर आमचे झाले असते आणि एखाद्या शेजाऱ्याने हक्क बजावला असता, तर त्याने खरेदीखतातल्या २,५०० युरोंवरच बोट ठेवले असते, आणि किंमत खरी किती होती हे पटवत बसण्याची पाळी आमच्यावर आली असती.

मोटरहोमचा प्रश्न तर याहून मुळातला निघाला. 'चाके आहेत, म्हणजे बांधकाम नाही, म्हणजे परवाना नको', हे वाक्य त्या भागात जमीन विकणारे सर्रास म्हणतात. वकीलबाईंचे म्हणणे असे, की प्रश्न चाकांचा नसून जमिनीच्या वापराचा आहे. शेतजमिनीवर वाहन कायमचे उभे करून त्यात राहणे, पाणी-वीज जोडणे, सांडपाण्याचा खड्डा करणे हे कामराच्या, म्हणजे तालुक्याच्या नगरपालिकेच्या, कक्षेत येते. जमीन पर्यावरण किंवा शेती राखीव क्षेत्रात असेल, तर उत्तर बहुधा नकारार्थीच असते. अधिकृत तळाबाहेर तंबू-वाहनाचा मुक्काम टाकायचा तर जमीन स्वतःची असली तरी परवाना लागतो. आणि परदेशी नोंदणीचे वाहन बारा महिन्यांत फार तर सहा महिनेच पोर्तुगालमध्ये ठेवता येते. म्हणजे वर्षभर ते तिकडे ठेवण्याचा आमचा बेत जमीन कितीही चांगली मिळाली असती तरी बेकायदाच ठरला असता. हे सारे कामराच्या खिडकीवर जाऊन, जमिनीचा क्रमांक देऊन, पैसे देण्याआधी विचारता येते. आम्ही ते पैसे दिल्यानंतर तीन महिन्यांनी विचारले.

आज पुन्हा घ्यायची वेळ आली, तर मी कादेर्नेता हातात घेऊन शेतात उभा राहीन आणि चारही शेजाऱ्यांना गाठून त्यांच्या तोंडून सीमा ऐकेन. बूपीची आखणी विक्रेत्याने खरेदीआधी करून द्यावी, अशी अट घालेन. घराचे अवशेष दाखवले जात असतील तर त्यांचा वेगळा 'उर्बानो' उतारा मागेन, कारण आमच्या कागदात फक्त 'रुस्तिको' होते आणि तेवढ्यावरच थांबायला हवे होते. मध्यस्थाला परवाना क्रमांक विचारेन. पोर्तुगालमध्ये मालमत्तेच्या दलालीला सरकारी परवाना लागतो आणि तो क्रमांक ऑनलाइन तपासता येतो. आमच्या गृहस्थाकडे तो नव्हता. वकील मी स्वतः शोधेन, मध्यस्थाने सुचवलेला घेणार नाही. त्यासाठी जे हजार-बाराशे युरो जास्तीचे वाटले होते, तेवढे आम्ही नंतर नुसत्या पत्रव्यवहारावर घालवले.

करप्रतिनिधी आम्ही बदलला आणि मुखत्यारपत्र रद्द केले. तालीवरची जमीन विकायला काढावी, तर गावात घेणारा नाही, आणि गावाबाहेरच्या कोणाला ती विकायची तर ती आहे तशी दाखवावी लागेल. खालचे ऑलिव्ह बाईंचा मुलगा झोडपून नेतो, ते आम्हीच त्याला सांगितले आहे. निदान झुडपे तरी निघतात.

गेल्या वसंतात त्या डोंगरातल्या जमिनींच्या जाहिराती पुन्हा चाळत होतो. चार हजार चौरस मीटर, तीस ऑलिव्ह, विहीर, दगडी घर, किंमत आता १४,००० युरो. सोबत एक छायाचित्र: झाडाखाली उभे पांढरे मोटरहोम, बाजूला दोन निळे पट्टे, मागच्या शिडीला बांधलेली पिवळी बादली. नंबरप्लेट पुसट केली आहे. ते मोटरहोम आमचे आहे, आणि त्याच्याखालचे शेत विकाऊ नाही.