ऑनलाइन बॅच: लाइव्ह, रेकॉर्डेड की मिश्र?

गोखले रोडवर गाळा घेऊन क्लासची पाटी लावायची म्हटलं की भाडं ऐकूनच घाम फुटतो, म्हणून ठाण्यात हल्ली बरेच शिक्षक सुरुवात ऑनलाइन बॅचनेच करतात. मग प्रश्न येतो: लाइव्ह घ्यायची, रेकॉर्डिंग विकायचं, की दोन्हीची सांगड घालायची? बहुतेक जण हा निर्णय कॅमेरा, सॉफ्टवेअर आणि फी यांच्या हिशेबाने घेतात. मी अकाउंट्स आणि जीएसटी शिकवतो. विद्यार्थी मुख्यतः नोकरदार, नवी मुंबईतल्या ऐरोली, रबाळे, महापे पट्ट्यातले. मला विचाराल तर आधी एवढंच ठरवा: विद्यार्थ्याने स्वतः केलेलं काम तुमच्या नजरेला कधी आणि कुठे पडणार, आणि ते बघायला तुम्हाला वेळ आहे का.

विद्यार्थ्याला नुसतं ऐकत न बसवता वर्गातच सोडवायला, बोलायला, चुकायला लावावं, यावर आता फारसा वाद उरलेला नाही. स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित शिकवण्याच्या २२५ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गात नापासांचं प्रमाण सरासरी ३३.८ टक्के होतं, विद्यार्थी कामाला लावलेल्या वर्गात २१.८. हे महाविद्यालयांतले वर्ग होते. तीच पद्धत झूमवर आणली की कुठे काय अडतं ते तिन्ही प्रकारांत वेगवेगळं आहे.

लाइव्ह: गटात पाठवलं की शांतता

लाइव्हमध्ये सगळ्यात आधी सुचतो तो उपाय म्हणजे चार-चार जणांच्या ब्रेकआउट रूम, म्हणजे त्याच मीटिंगमधून काढलेल्या छोट्या वेगळ्या खोल्या. प्रत्यक्षात तिथे काय दिसतं? चार काळे चौकोन. एकाचं नाव ‘आईचा मोबाइल’, दुसऱ्याचं ‘रेडमी नोट’. एक माइक चुकून चालू, त्यातून कुकरच्या शिट्ट्या. कोणी तरी ‘हॅलो, आवाज येतोय का?’ म्हणतं आणि तीन मिनिटं संपतात. खोलीत शिकवताना कुठला बाक अडलाय हे कुजबुजीवरून कळतं आणि आपण तिकडे वळतो. इथे एका वेळी एकाच रूममध्ये डोकावता येतं, आणि तुम्ही आत आलात की जे बोलत होते तेही गप्प होतात.

‘कॅमेरा चालू ठेवा’ हा हुकूम मी देत नाही. वन बीएचकेमध्ये मागे सासूबाई मालिका बघतायत, कोणी घरच्या गाउनमध्ये आहे, कोणाचा दिवसाचा डेटा संपत आलाय. शिवाय स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ कॉलच्या थकव्याची जी कारणं मांडली, त्यात सतत स्वतःचाच चेहरा समोर दिसणं हेही एक आहे. दिवसभर मीटिंगा करून आलेल्या माणसाला रात्री पुन्हा तेच कशाला?

त्यापेक्षा चॅट वापरा, पण नेहमीसारखा नको. प्रश्न टाकायचा आणि सांगायचं: उत्तर टाइप करा, मी सांगेपर्यंत पाठवू नका. उदाहरणार्थ, ‘मालकाने दुकानातला माल घरी वापरायला नेला. उचल खाते नावे (डेबिट), पण जमा (क्रेडिट) कुठलं खातं?’ पर्याय तीन: विक्री, खरेदी, भांडवल. ‘पाठवा’ म्हटल्यावर सगळी उत्तरं एकदम पडतात. हुशार मुलीचं बघून लिहिणाऱ्यांची सोयच राहत नाही. ‘विक्री’वाले दर वेळी भरपूर निघतात, कारण माल गेला म्हणजे विकला, असं डोक्यात पक्कं बसलेलं असतं. लगेच उत्तर सांगायचं नाही. तीन-तीन जणांचे गट करायचे, शक्यतो वेगवेगळी उत्तरं दिलेल्यांचे, आणि एका सामायिक शीटमध्ये प्रत्येक गटाला एक ओळ द्यायची: नोंद लिहा, पुढच्या रकान्यात कारण लिहा. आता रूममध्ये न शिरता तुम्हाला ओळी भरताना दिसतात. पाचव्या ओळीत कोणी ‘नफा झालाच नाही, मग विक्री कशी?’ लिहिलं की तीच ओळ मोठ्याने वाचायची आणि पुन्हा मत घ्यायचं. खरेदी खात्यावर, म्हणजे बरोबर उत्तरावर, बहुतेक जण येतात. मग त्या मालावर घेतलेलं इनपुट टॅक्स क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) परत करावं लागतं, हा जीएसटीचा मुद्दा शिकवायला जमीन तयार झालेली असते.

आधी मत, मग चर्चा, मग पुन्हा मत ही रीत हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांनी १९९० च्या दशकात रुळवली. पहिल्या फेरीत साधारण ३० ते ७० टक्के उत्तरं बरोबर आली तर चर्चेत दम असतो. त्याहून कमी असतील तर आधी पुन्हा शिकवा, जास्त असतील तर पुढे चला.

या सगळ्याला वेळ लागतो आणि पोर्शन मागे पडतो, हे आधीच मान्य करून टाका. एक प्रश्न सहज बारा-पंधरा मिनिटं खातो. झूमच्या फुकट खात्यावर मीटिंग ४० मिनिटांत तुटते, म्हणजे दोन प्रश्न झाले की वर्ग संपला. गूगल मीटवर फुकटात तास मिळतो, पण ब्रेकआउट रूम पैसे भरलेल्या खात्यालाच.

आणि तक्रार येणारच: ‘सर, वेळ जातोय, तुम्हीच सांगून टाका ना.’ २०१९ मध्ये हार्वर्डमध्येच लुई डेलोरिए आणि सहकाऱ्यांनी भौतिकशास्त्राच्या वर्गांवर प्रयोग केला. स्वतः सोडवत शिकलेली मुलं चाचणीत पुढे होती, पण आपण कमी शिकलो असं त्यांनाच वाटत होतं. क्लासवाल्याला हे महागात पडतं, कारण आपला पुढचा प्रवेश चाचणीच्या गुणांवर कमी आणि ‘सर मस्त समजावतात’ यावर जास्त मिळतो. पहिल्याच दिवशी हा प्रयोग विद्यार्थ्यांना सांगा. कुरकुर थांबत नाही, पण फी परत मागण्यापर्यंत जात नाही.

राहिला वेळ. संध्याकाळी साडेसातची बॅच ठेवलीत तर काही जण ट्रान्स-हार्बरच्या (ठाणे-नवी मुंबई) लोकलमध्ये उभे असतात, एक हात कडीला. त्यांना बोलता येणार नाही. अंगठ्याने ‘खरेदी’चा ‘ख’ पाठवता येतो. बोलायची कामं असतील तर साडेनऊ ठेवा.

रेकॉर्डेड: कष्ट आधी, नजर नंतर

रेकॉर्डेड म्हणजे आळशी शिक्षण, असं मी मानत नाही. २०१५ मध्ये कार्नेगी मेलनच्या केनेथ कोडिंगर आणि सहकाऱ्यांनी मानसशास्त्राच्या एका खुल्या ऑनलाइन कोर्सचा अभ्यास केला. व्हिडिओ बघण्याच्या किंवा वाचण्याच्या तुलनेत प्रश्न सोडवण्याचा शिकण्याशी असलेला संबंध सुमारे सहापट मोठा निघाला. तेव्हा रेकॉर्डिंग विकायचं असेल तर खरा माल प्रश्नांचा असतो. एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन उपक्रमाच्या नेहमीच्या कोर्समध्येही दर आठवड्याच्या असाइनमेंटना २५ टक्के वजन आणि केंद्रावर जाऊन दिलेल्या परीक्षेला ७५ टक्के, अशी रचना आहे. ती परीक्षा नसती तर उत्तरं टेलिग्रामवरून उतरवून काम भागलं असतं.

इथली अडचण प्रश्न रचण्याची आहे. ‘चूक, पुन्हा प्रयत्न करा’ हा प्रतिसाद कुचकामी. ‘विक्री’ निवडणाऱ्याला तो का चुकला हे त्याच क्षणी लिहून दिसलं पाहिजे, म्हणजे प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे दोन-तीन वाक्यं आधीच लिहून ठेवायची. व्हिडिओ शूट करण्यापेक्षा याला जास्त वेळ लागतो. शिवाय विषय बदलता असेल तर मेहनत शिळी होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे बहुतेक वस्तूंसाठी गेले, आणि ज्यांच्या उदाहरणांत ते दर होते त्यांचे धडे एका दिवसात जुने झाले.

चर्चा तर रेकॉर्डेडमध्ये जवळजवळ होतच नाही. पहिल्या आठवड्यात ‘नमस्कार, मी कळव्याहून’, पुढे सामसूम. व्हॉट्सअॅप ग्रुप काढाल तर एका प्रश्नामागे वीस ‘थँक यू सर’ आणि खरी शंका वर सरकून गेलेली. अर्धवट सोडणाऱ्यांचं प्रमाण तर विचारूच नका. हार्वर्ड आणि एमआयटीच्या खुल्या कोर्सेसमध्ये २०१७-१८ साली नोंदणी केलेल्यांपैकी जेमतेम तीन टक्क्यांनी कोर्स पुरा केला होता. फी भरलेले लोक जास्त टिकतात, पण कोणी तरी आपलं काम बघतंय हे कळलं नाही तर तेही गळतात.

मिश्र: दोन्हीकडची कामं तुमच्यावर

छोटे व्हिडिओ आधी, आठवड्यातून एकदा लाइव्ह आणि त्यात फक्त सोडवणं. नोकरदारांसाठी मी हाच प्रकार निवडेन. सहा-सात मिनिटांचे तुकडे फोनवर उतरवून घेतले की घणसोली ते ठाणे प्रवासात एक-दोन होतात, नेटवर्क असो वा नसो. तुकडे लहान ठेवायला आधारही आहे: फिलिप ग्वो आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या मंचावरच्या लाखो पाहण्यांची नोंद तपासली, तेव्हा व्हिडिओ कितीही लांब असला तरी लोक सुमारे सहा मिनिटांच्या पुढे फारसे टिकत नव्हते.

अडचण ठरलेली: निम्मे न बघता येतात. अशा वेळी दया येऊन तोच भाग पुन्हा शिकवलात की संपलं, पुढच्या आठवड्यापासून बघून येणारेही बघायचे थांबतात. त्याऐवजी आदल्या रात्री एकच प्रश्न पाठवा, उत्तर दुपारपर्यंत मागा, आणि वर्गाची सुरुवात आलेल्या चुकांपासून करा. पंचवीस जणांपर्यंत ही उत्तरं चहा पिता पिता वाचून होतात. चाळीस झाले की मदतनीस लागतो, त्याचा पगार फीत धरा.

दहावीच्या मुलांची बॅच असेल तर मात्र मिश्रच्या भानगडीत पडू नका. एकट्याने व्हिडिओ बघून यायची सवय त्या वयात कमी जणांना असते. लाइव्ह घ्या, बॅच लहान ठेवा, जमलं तर आठवड्याला एक दिवस नौपाड्यात कुणाच्या हॉलमध्ये समोर बसवा. उलट सीए किंवा कॉस्टिंगच्या परीक्षेची उजळणी करणाऱ्यांना तुमचा चेहरा नको असतो, प्रश्न आणि चुकांचं स्पष्टीकरण हवं असतं. त्यांना रेकॉर्डेड पुरे.

जाहिरातीत नुसतं ‘लाइव्ह बॅच’ असं छापू नका. आठवड्याला किती तास स्वतः काम करावं लागेल, तो आकडा फीच्या शेजारी छापा. दोन-चार चौकशा तिथेच गळतील, गळू द्या.