स्टॅबिलायझर की नवं अर्थिंग?
सांगलीतल्या मेव्हण्याचा अ‍ॅम्प्लिफायर घूंऽऽ करतो. स्टॅबिलायझर घेऊ की अर्थिंग करू, हा त्याचा प्रश्न.

स्टॅबिलायझर व्होल्टेज २३०च्या आसपास धरतो, विजेच्या ५० हर्ट्झची (सेकंदाला ५० कंपनांची) घूं घालवत नाही. उलट रिलेवाला, म्हणजे आतला विजेचा स्विच बदलत राहणारा, ऐन आलापात 'टक्' करतो. बसवणं सोपं, प्लग लावला की झालं.

अर्थिंगला खड्डा, इलेक्ट्रोड, वायरमन आणि उकरलेलं अंगण. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, मग खड्ड्यात पाणी ओतत राहा. पण झटक्यापासून जीव वाचतो. अर्थची पिन कापून घूं घालवायचा सल्ला मात्र ऐकू नका!

संध्याकाळी दिवे मंदावत असतील तर सर्वो, म्हणजे मोटरवर चालणारा, स्टॅबिलायझर. अ‍ॅम्पच्या पेटीला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर आधी अर्थिंग. घूं फक्त रेकॉर्ड लावल्यावरच येते? मग टर्नटेबलची बारीक अर्थ वायर अ‍ॅम्पच्या स्क्रूला घट्ट आवळून बघा, फुकटात.