खास व्हिडिओ सर्व्हर की साधा वेब सर्व्हर?

समजा, मालवणातल्या एखाद्या केबलवाल्याला दशावताराची रेकॉर्डिंगं गिऱ्हाईक मागेल तेव्हा दाखवायची आहेत. जुन्या पद्धतीत १९९८ च्या आरटीएसपीवर, म्हणजे ‘चालू कर, थांबव’ असे हुकूम सर्व्हरला पोचवणाऱ्या नियमावलीवर, चालणारा खास सर्व्हर लागे. कोण कुठे थांबला, कोणी मागे नेलं, याची नोंद सर्व्हरच ठेवी. प्रेक्षक वाढले की महागडं यंत्रही वाढवा.

२००९ मध्ये ॲपलने व्हिडिओ तुकड्या-तुकड्यांनी पाठवायची एचएलएस ही पद्धत आणली, २०१२ मध्ये त्याच धर्तीचं डॅश आंतरराष्ट्रीय प्रमाण झालं, आणि गणितच फिरलं. खेळाचे काही सेकंदांचे तुकडे तीन-चार दर्जांत करून ठेवायचे. पुढचा तुकडा कुठल्या दर्जाचा मागायचा ते प्रेक्षकाचा फोन ठरवतो. सर्व्हरला नुसती फाइल द्यायची असते, म्हणून साधा वेब सर्व्हरही चालतो. आषाढाच्या पावसात नेट रडायला लागलं की चित्र धूसर होतं, पण संकासुर रंगमंचावर अर्धवट गोठत नाही!

जागा जास्त लागते, हे खरं. तरी माझं मत दुसऱ्यालाच. फक्त व्हिडिओ दाबून लहान करायच्या २०१८ च्या एव्ही१ या नव्या पद्धतीला लगेच भुलू नका. घरोघरचे जुने टीव्ही अजून त्याच कामाचं २००३ चं एच.२६४ च ओळखतात.