बाइंडिंग झकास, पण स्मॉल्स आधीच वारला

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका गल्लीत छपाई-बाइंडिंगचं लहानसं दुकान आहे, तिथला हा अनुभव. नाव लिहीत नाही, माणूस चांगला आहे.

मुलगा अमेरिकेत साउथ कॅरोलायनात असतो. तिकडे गेले होते तेव्हा ब्यूफर्ट गावात रॉबर्ट स्मॉल्सचं, म्हणजे गुलामीतून निसटून पुढे लोकप्रतिनिधी झालेल्या काळ्या पुढाऱ्याचं घर बाहेरून पाहिलं आणि या माणसाने डोक्यात ठाणच मांडलं. परत येऊन त्याचं चरित्र मराठीत लिहिलं, अकरा प्रकरणं. घरच्यांना वाटायला सहा प्रती करून घेतल्या.

बांधणीत खोट काढायला जागा नाही. फॉर्म्याची शिलाई, कापडी पाठ, पुस्तक सपाट उघडतं. कापड वांगी रंगाचं सांगितलं होतं, तसंच मिळालं. प्रतीमागे ३४० रुपये. "बेन, काले लई जजो" (ताई, उद्या घेऊन जा) करत आठ दिवस लावले, पण ते बडोद्यात मनावर घ्यायचं नसतं.

घरी आणून वाचायला बसले. पहिलं प्रकरण ठीक. १८३९, मालकाच्या घरामागच्या खोपटात गुलाम आईच्या पोटी जन्म. पान उलटलं तर एकदम १८९५! काळ्यांचा मताधिकार काढून घ्यायला भरलेल्या राज्याच्या घटना परिषदेत म्हातारा स्मॉल्स भांडतोय. पुढे १९१५, मृत्यू. आणि मेल्यावर तो बारा वर्षांचा होऊन चार्ल्स्टनला मजुरीला जातो!

झालं असं, की पेनड्राइव्हवर प्रकरणांच्या वेगळ्या फायली होत्या. त्यांच्या कॉम्प्युटरने १ नंतर १०, ११ आणि मग २ लावलं. पानांचे आकडे नंतर पडले, त्यामुळे ते मात्र ओळीने. कोणाला संशय येणार?

जीव तुटला तो तिसऱ्या प्रकरणासाठी. १३ मे १८६२ ची पहाट, अमेरिकेतलं यादवी युद्ध चालू. गोरे अधिकारी किनाऱ्यावर झोपलेले. स्मॉल्स कप्तानाची गवती टोपी चढवून गुलामगिरीवाल्या दक्षिणेच्या फौजेची 'प्लँटर' बोट काढतो, वाटेत बायकामुलांना घेतो, सम्टर किल्ल्यापाशी ठरलेली शिट्टी देतो, आणि तोफांच्या टप्प्याबाहेर पडल्यावर उत्तरेच्या आरमाराला दिसेल अशी शरणागतीची पांढरी चादर वर चढवतो. पुढे ज्या घरामागे जन्मला तेच घर विकत घेतो, राज्याच्या विधिमंडळात जातो, पाच वेळा काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर निवडून येतो. राज्याच्या १८६८ च्या राज्यघटनेत सर्वांसाठी मोफत शाळा आणण्यात त्याचा हात होता. ते लिहिताना मला आपल्या सयाजीरावांचं १९०६ चं सक्तीचं शिक्षण आठवत होतं. १८७७ ची लाचेची शिक्षा नि १८७९ ची माफीही लिहिली, झाकलं काही नाही. पण हे सगळं त्याच्या तेराव्यानंतर वाचायचं म्हणजे!

दुकानदाराने हुज्जत घातली नाही. पाच प्रती नव्याने छापून बांधून दिल्या, पैसे कागदापुरतेच. पाचापैकी चार तारे. फायलींना ०१, ०२ अशी नावं द्या आणि प्रूफ मागून घ्या.

सहावी प्रत तोवर ग्वाल्हेरला नणंदेकडे पोचली होती. परवा तिचा फोन, "वहिनी, हा वारल्यावर निवडणुकीला कसा उभा राहिला गं?"