रस्ता आणि ट्रॅक एकाच गाडीने: पॅड-टायरचा एक संच की दोन?

आठवडाभर ऑफिसला जाणारी, वर्षातून चार-सहा वेळा पुण्याजवळच्या नानोलीच्या किंवा कोइमतूरच्या करी स्पीडवेच्या ट्रॅकवर जाणारी आणि संध्याकाळी त्याच चाकांवर घरी परतणारी गाडी ज्यांच्याकडे आहे, त्यांच्यासाठी हा आढावा आहे. गाडी ट्रेलरवरून नेणाऱ्यांचा प्रश्न वेगळा आणि सोपा. उदाहरणाला चौदाशे किलोच्या आसपासची, पुढची चाकं ओढणारी टर्बो पेट्रोल सेडान घेऊ. टायर २२५/४५ आर१७.

वाटा दोन आहेत. पहिली म्हणजे वर्षभर एकच संच: फेरोडो डीएस२५०० सारखे रस्ता आणि ट्रॅक यांच्या मधल्या जातीचे ब्रेक पॅड आणि मिशेलिन पायलट स्पोर्ट ४ सारखे टायर. दुसरीत रस्त्याला कंपनीचे पॅड आणि साधे टायर. ट्रॅकवर पोहोचल्यावर फेरोडो डीएस१.११ किंवा हॉक डीटीसी-६० सारखे निव्वळ ट्रॅकचे पॅड घालायचे आणि वेगळ्या रिमवर बसवलेले योकोहामा ॲडव्हान ए०५२ हे मऊ रबराचे टायर चढवायचे.

पॅड आणि टायर वेगवेगळे निवडू नयेत, असं मला ठामपणे वाटतं. पकड वाढली की कोपऱ्यातून बाहेर पडतानाचा वेग वाढतो आणि सरळ पट्ट्याच्या टोकाला गाडी जास्त वेगात पोहोचते. १६० वरून ८० ला येण्याऐवजी १७० वरून ८० ला यायचं, एवढाच फरक धरा. ताशी दहा किलोमीटर जास्त, पण ब्रेकमध्ये जाणारी उष्णता सुमारे १७ टक्के जास्त, कारण हिशोब वेगाच्या वर्गाचा आहे. म्हणून मऊ टायर घालून कंपनीचेच पॅड ठेवले, तर तिसऱ्या-चौथ्या लॅपला ब्रेक लागेनासे होतात. उलट रस्त्याच्या टायरबरोबर कडक ट्रॅक पॅड लावले, तर ते तापायच्या आत चावत नाहीत आणि तापल्यावर एबीएस (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) लवकर मध्ये पडतं. दोन्हीकडे पैसे वाया जातात.

टायरचं आधी उरकतो, कारण तिथे फारसा वाद नाही. कोरड्या ट्रॅकवर ए०५२ पुढे आहे, आणि ते कळायला स्टॉपवॉच लागत नाही. स्टेअरिंग वळवलं की पुढचा भाग लगेच वळतो, आणि कोपऱ्याच्या मध्यावर पायलट स्पोर्ट ४ जिथे बाहेर सरकायला लागतो तिथे ए०५२ अजून धरून असतो. पण त्याचं ट्रेडवेअर (टिकाऊपणाचा आकडा; जितका कमी तितका लवकर झिजणारा) २००, तर पायलट स्पोर्ट ४ चं ३२०. ट्रॅकपर्यंतच्या प्रवासातच महागडं रबर झिजवायचं नसेल, तर वेगळ्या रिम घेणं आलं. या मापाचं चाक साधारण ६३ सेंटिमीटर उंच आणि रिमसकट वीसेक किलोचं असतं. मागची सीट पाडली तर चारही आत बसतात, मग जॅक, घोड्या (गाडी उचलून ठेवायचे स्टँड) आणि टॉर्क पाना (ठरावीक जोरानेच बोल्ट आवळणारा) पुढच्या सीटवर.

पावसाळा हाही मुद्दा आहे. ओलसर डांबरावर ए०५२ बरा वागतो, पण साचलेल्या पाण्यात त्याच्या खाचा अपुऱ्या पडतात. जुलैत खंडाळ्याच्या उतारावर एका लेनमधून पाणी वाहत असतं, तिथे हा टायर मला नको. पायलट स्पोर्ट ४ ची ट्रॅकवरची अडचण वेगळी. चार-पाच जोरदार लॅपनंतर बाहेरचा खांदा तापतो आणि गाडी पुढून ढकलायला लागते, म्हणजे वळणात सरळ जाऊ पाहते. चार लॅप जोरात, एक लॅप सावकाश हा क्रम पाळला तर दिवसभर टिकतो. थंड टायरमध्ये २९-३० पीएसआय ठेवून सुरुवात करा. गरम झाल्यावर सहा-आठ पीएसआय वाढतात, ते ३६ च्या वर जाऊ देऊ नका. खांद्यावर खडूची आडवी रेघ मारून ठेवा, ट्रेडच्या (रस्त्याला टेकणाऱ्या भागाच्या) कडेपासून साइडवॉलवर (टायरच्या बाजूवर) दोन बोटं खालपर्यंत. सेशननंतर रेघ ट्रेडच्या कडेपर्यंतच पुसली गेली असेल तर हवा बरोबर आहे. साइडवॉलवर खाली उतरली असेल तर हवा कमी आहे. घरी निघण्याआधी टायर थंड होऊ द्या आणि दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे हवा भरा.

आता पॅड. माझा कौल ठरला तो इथे.

कागदावर दुसरी वाट चोख वाटते: दोन्हीकडे त्या त्या कामाचा पॅड. पॅड बदलणंही अवघड नाही. हात बसला की पुढचे दोन्ही चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत होतात. चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर पॅड दाबणाऱ्या कॅलिपरचा पिस्टन मागे ढकलताना ब्रेक ऑइलची टाकी वरून वाहू नये, एवढं बघायचं. खरी कटकट पुढे येते. तापलेला पॅड नुसता डिस्कला घासत नाही. स्वतःच्या मटेरियलचा एक पातळ थर डिस्कवर चढवतो आणि बरीचशी पकड त्या थरावर मिळते. प्रत्येक जातीचा थर वेगळा. ट्रॅक पॅडने तापून चढवलेल्या थरावर संध्याकाळी कंपनीचा पॅड लागला, की त्याचा थर सारखा न चढता ठिकठिकाणी चढतो. मग परतीच्या वाटेवर ८० ते १०० च्या वेगात हलका ब्रेक दाबला की स्टेअरिंग थरथरतं. ट्रॅक पॅड तसेच ठेवून घरी यावं, तर ते थंड असताना थर आणि डिस्क दोन्ही खरवडतात, आणि टोल नाक्याच्या रांगेत पहिला ब्रेक उशिरा लागतो.

ही थरथर आली की बहुतेक जण डिस्क वाकडी झाली असं समजून ती लेथवर फेस (पृष्ठभाग सपाट) करून आणतात. काही दिवस बरं वाटतं, डिस्क मात्र तिच्या कडेवर कोरलेल्या किमान जाडीच्या तितकी जवळ जाते. त्याआधी चाक काढून उजेडात डिस्क नीट पाहा. चांगली बसलेली डिस्क सगळीकडे एकसारखी करडी, किंचित निळसर दिसते. बिघडलेलीवर ढगांसारखे गडद डाग असतात, कधी पॅडच्या आकाराचा स्पष्ट ठसाच. बारीक पॉलिश पेपरने आडवं-तिडवं घासून डाग काढा आणि पॅड पुन्हा बेड करा, म्हणजे त्यांचा थर डिस्कवर सारखा चढवा: मोकळ्या रस्त्यावर १०० वरून ३० पर्यंत आठ-दहा दमदार ब्रेक, मध्ये कुठेही पूर्ण न थांबता, नंतर दहा मिनिटं ब्रेक न वापरता गाडी पळवायची. प्रत्येक ट्रॅक डेच्या आधी आणि नंतर, वर्षातून आठ-बारा वेळा, हे करायला मला परवडत नाही. यावर उपाय म्हणजे ट्रॅकसाठी डिस्कचीही वेगळी जोडी. पण मग कॅलिपरचा ब्रॅकेटही उतरवावा लागतो आणि पाऊण तासाचं काम दोन तासांवर जातं.

डीएस२५०० रस्त्यावर पहिल्या ब्रेकपासून लागतो. सकाळी थंड असताना कंपनीच्या पॅडइतकाच भरवसा देतो, आणि करीसारख्या २.१ किलोमीटरच्या ट्रॅकवर १५ मिनिटांचं सेशन सहज काढतो. रोज तोच पॅड, तोच थर. त्याचा दोष आवाज. ट्रॅकहून आल्यावर आठवडाभर सिग्नलला गाडी किंचाळते आणि शेजारच्या रिक्षातले लोक वळून बघतात. पॅडच्या कडा कानशीने तिरक्या करा, पाठीला आणि कानांना (कॅलिपरमध्ये सरकणाऱ्या टोकांना) सिरॅमिक ग्रीस लावा, बराच कमी होतो, पूर्ण जात नाही. ज्यांना हे सहनच होत नाही त्यांनी दुसरी वाट घ्यावी, त्यात गैर काही नाही. मला आवाज चालतो, थरथर चालत नाही.

दुसरी वाट निःसंशय सरस ठरते ती ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटसारख्या ठिकाणी. तिथला सरळ पट्टा एक किलोमीटरहून लांब आहे, आणि त्याच्या शेवटी मधला पॅड प्रत्येक लॅपला थोडा थोडा हार मानतो. वर्षातून दोनदा तिथे जाणाऱ्याने ट्रॅक पॅड आणि वेगळ्या डिस्क यांचा खर्च खुशाल करावा. चाकं बदलणार असाल तर बोल्ट पहिल्या सेशननंतर पुन्हा टॉर्क पान्याने तपासा. फोक्सवॅगन-स्कोडाच्या बहुतेक गाड्यांना १२० न्यूटन-मीटर (एनएम) टॉर्क लागतो.

कोणतीही वाट घ्या, ब्रेक ऑइल आधी. डॉट ४ या दर्जाच्या ऑइलचा किमान उत्कलनबिंदू ताजं असताना २३० अंश आहे, पाणी शोषल्यावर १५५. आपल्या दमट हवेत एक पावसाळा गेला की तो खाली सरकतो. ट्रॅकसाठी ३०० अंशांच्या पुढचं रेसिंग ऑइल मोसमाच्या सुरुवातीला बदलून घ्या. पेडल मऊ होऊन खाली गेलं तर ऑइल उकळलं. पेडल कडक आहे पण गाडी थांबत नाही, तर पॅड हरला. पॅड अर्ध्याखाली झिजले असतील तर ट्रॅकवर जाऊच नये, कारण पातळ पॅडमधून उष्णता थेट पिस्टनवर आणि तिथून ऑइलमध्ये जाते.

सेशन संपल्यावर एक लॅप ब्रेकला जवळजवळ हात न लावता फिरा. पॅडॉकमध्ये (ट्रॅकशेजारी गाड्या लावायच्या जागेत) थांबल्यावर पाय पेडलवर दाबून ठेवू नका, हँडब्रेक ओढू नका. डिस्कवर पॅडचे ठसे उमटतात ते याच दोन मिनिटांत. गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला वीट लावा.