माती तपासणी केंद्र : पाचपैकी साडेतीन. आमच्या मायला चार.

तालुक्याच्या बसस्टँडमागं एक खाजगी माती तपासणी केंद्र आहे. नाव लिहीत नाही, कारण पुढं एक तक्रार आहे आणि तिथल्या मॅडमनी ती मनापासून निस्तरलीसुद्धा. मी दोनदा गेलो. पहिल्या खेपेनंतर लिहिलं असतं तर दोनच दिले असते.

आमचं वावर दर्यापूर तालुक्यात, पूर्णेच्या खोऱ्यात, म्हणजे खारपाणपट्ट्यात. विहीर आहे, पण तिचं पाणी बैलही हुंगून मागं फिरतो, त्यामुळं सारी शेती पावसावर. सहा एकर काळी. त्यातला नदीकडचा दीड एकर असा, की पाऊस झाला की आठ दिवस पाय ठेवता येत नाही आणि उघाड पडली की दगड. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, गुडघ्याएवढी होते अन् थांबते. माय त्या तुकड्याला 'बहिरं' म्हणते. वरून कितीही ओता, आत काही जात नाही.

मे महिन्यात नमुने घेतले. केंद्राच्या कागदावर होतं तसंच केलं. व्ही आकाराचा वीतभर खोल खड्डा, धुरा, झाड आणि उकिरड्यापासून लांब. आठ-दहा ठिकाणची माती टोपल्यात कालवायची, चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन फेकायचे, असं अर्धा किलो उरेपर्यंत. बहिऱ्याचा एक नमुना, बाकी वावराचा एक. माय धुऱ्यावर बसून पाहत होती.

"काऊन रे, मे महिन्यात वरची माती वर रायते काय? भेगाइत गेली ना सारी. हे जमीन सोताच सोताले पालटते."

मी हसण्यावारी नेलं. नंतर कळलं की मृदाशास्त्रात या मातीला व्हर्टिसॉल म्हणतात आणि त्या नावाच्या मुळाशी उलटणं, पालटणं या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. मायनं न शिकता सांगितलं, मी शिकून विसरलो होतो.

पाच दिवसांनी व्हॉट्सॲपवर अहवाल आला. 12 रकाने : सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि पाच सूक्ष्म अन्नद्रव्यं. बहिऱ्याचा सामू 8.6, पालाश भरपूर, कर्ब मध्यम. खाली खताची शिफारस, गव्हासाठी! अर्जावर मी ठळक 'कपाशी' लिहिलं होतं. कोरडवाहू खारपाणात गहू. कुणाचा तरी मजकूर उचलून चिकटवलेला, उघडच दिसत होतं. आणि बहिरं बहिरं का, याचं उत्तर 12 पैकी एकाही रकान्यात नव्हतं.

एक गोष्ट मात्र केंद्राच्या बाजूनं लिहितो. बाकीच्या वावरात जस्त 0.38 पीपीएम निघालं. 0.6 च्या खाली म्हणजे कमतरता. तिथं पऱ्हाटीची पानं शिरांच्या मधून पिवळी पडायची, आणि माय दरसाल म्हणायची, "हवा लागली." पन्नास वर्षांच्या नजरेलाही जस्त दिसत नाही. झिंक सल्फेट टाकलं, यंदा पानं हिरवी आहेत.

दुसऱ्या खेपेला भांडायला गेलो तर माय सोबत आली. मॅडम सांगलीकडच्या. गव्हाबद्दल आधी माफी मागितली, मग बहिऱ्याची लक्षणं ऐकून विचारलं, "पाणी जास्त देता का? ऊस असतो का?" माय मोठ्यानं हसली. "बाई, पेयाले पानी नाई, उसाले कुठून?" मॅडमच्या गावाकडं जमिनी खराब झाल्या त्या पाटाच्या पाण्यानं, म्हणून चोपण, म्हणजे पाणी न जिरणारी जमीन म्हटली की त्यांना आधी पाटच आठवतो. इथं पाट नाही की कालवा नाही, माती मुळातच तशी. हे त्यांनी कबूल केलं, आणि तिथं माझे त्यांना दोनाचे तीन झाले.

मग मायनं सांगितलं, "त्या वावरातलं डबक्यातलं पानी कईच निवयत नाई. महिनाभर गढूयच." मॅडम उठल्या. पिशवीतून बहिऱ्याचं वाळकं ढेकूळ काढून काचेच्या ग्लासात साध्या पाण्यात अलगद सोडलं. दुसऱ्या ग्लासात चांगल्या वावरातलं. चांगलं ढेकूळ भसकलं, चुरा तळाशी बसला, वर पाणी स्वच्छ. बहिऱ्याच्या ढेकळाभोवती मात्र दुधासारखा ढग निघाला, आणि आम्ही बाहेर चहा पिऊन आलो तरी तो तसाच. मॅडम म्हणाल्या, सोडियम जास्त असला की मातीचे बारीक कण एकमेकांना धरून राहत नाहीत, सुटे होऊन पाणी झिरपायच्या वाटा बुजवतात. माय म्हणाली, "हेच तं म्या सांगतलं."

आणि सोडियम त्या 12 रकान्यांत नाहीच! तो वेगळा तपासावा लागतो, वेगळे पैसे. सब्बल घेऊन तीन फूट खणलं, फुटाफुटाचे तीन नमुने दिले. मातीच्या कणांना चिकटलेल्या क्षारांत सोडियमचा वाटा वर 5 टक्के, मधे 9, तिसऱ्या फुटात 16. वीतभर खड्ड्यात हा चोर सापडणारच नव्हता. आता सोडियम हटवायला जिप्समची मात्रा लिहून मिळाली आहे, आणि त्याआधी पाण्याला चर काढा म्हणून ताकीद.

मायचा एक गुण कापला त्याचं कारण. ती अजूनही म्हणते की तुकडा बिघडला तो शेजारच्या वीटभट्टीमुळं. भट्टीचा दोष वरून दिसला असता, इथं तर खाली जावं तसा सोडियम वाढतो. हे तिला ग्लास दाखवूनही पटत नाही, कारण भट्टीवाल्याशी तिचं धुऱ्यावरून जुनं भांडण आहे.

हाच अहवाल कृषी केंद्रवाल्यानं पाहिला तर त्याला पाच पोती खत दिसलं. भाचा सिव्हिल इंजिनिअर आहे, तो म्हणाला, "मामा, फुगणारी माती, आम्ही ही उकरून फेकतो अन् मुरूम भरतो." मुरूम लागला की आमच्यात जमिनीचा भाव पडतो.

जायचं असेल तर : माती खताच्या रिकाम्या पोत्यात नेऊ नका, कापडी पिशवी घ्या. खारपाणातले असाल तर सोडियमची तपासणी तोंडानं मागा, ते आपणहून सांगत नाहीत. पिकाचं नाव अर्जावर लिहा आणि अहवाल आल्यावर आधी तेच वाचा. दीड ते अडीच जेवणाची सुट्टी. घरात म्हातारं माणूस असेल तर सोबत न्या, मॅडम खुर्ची देतात.